हिशोब संस्थेकडे मागावा, आभार मुलाकडे नकोत

रमजान जवळ आला की घरोघरी पत्रके येऊ लागतात. आता ती मोबाईलवरही येतात. एका मुलाचा फोटो, खाली नाव, वय, इयत्ता, 'वडील हयात नाहीत' अशी नोंद आणि महिन्याचा खर्च. आपण जकातीचा हिशोब मांडतच असतो, त्यामुळे बऱ्याच घरांत अशा एखाद्या मुलाची जबाबदारी उचलली जाते. आमच्या घरातही गेली सहा वर्षे एका मुलाचा खर्च उचलला जातो. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक आहोत. या कामाचे आम्हाला समाधान आहे आणि थोडी अस्वस्थताही आहे. वाचक भगिनी-बंधूंपुढे दोन्ही मांडावे असे वाटले.

यतीमाच्या सांभाळाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. असा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन बोटे दाखवून सांगितले, ही हदीस आपल्या मुलांनाही माहीत असते. स्वतः प्रेषितांचे (स.) वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते. सहाव्या वर्षी आई गेली. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरात वाढवले.

दूरच्या मुलाला दरमहा पैसे पाठवायचे आणि त्याचे पत्र, फोटो मिळवायचे, ही आजची पद्धत मात्र अलीकडची आहे. स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने निराधार मुलांसाठी ती सुरू केली आणि पुढे जगभरातल्या संस्थांनी उचलली. तिचा उपयोग होतो का? २०१३ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतला अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या संस्थेची मदत मिळालेली मुले इतरांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असे त्यात दिसले. एका वर्षाने काय फरक पडतो, हे दहावीच्या उंबऱ्यावरून परत गेलेली मुले पाहणाऱ्या शिक्षकाला विचारावे. त्यामुळे पैसे वाया जातात असे आम्ही म्हणणार नाही.

आमची अस्वस्थता त्या पत्रांबद्दल आहे. वर्षातून दोनदा मुलाचे पत्र यायचे. सुरुवात ठरलेली, शेवटी दुआ ठरलेली आणि मध्ये 'तुमच्यामुळे मी शिकतो आहे' हे वाक्य. फळ्यावरचा मजकूर उतरवून काढलेली वही कशी दिसते, हे आम्ही रोज पाहतो. एकदा मात्र पत्राच्या तळाशी त्याने स्वतःहून एक ओळ लिहिली होती. शाळेच्या संघात त्याला विकेटकीपर केले होते. त्या ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. अख्ख्या पत्रात तेवढीच ओळ त्याची होती.

आमची धाकटी मुलगी त्याच्याच वयाची आहे. तिने आपल्या फीबद्दल कधी आमचे आभार मानले नाहीत आणि आम्हाला त्याची अपेक्षाही नाही. मग ज्याचे वडील गेले, त्याच मुलाने वर्षातून दोनदा एहसान मान्य करून द्यावा का? सूरह अद-दहरमध्ये गरीब, यतीम आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. त्यांना मोबदला नको असतो आणि आभारही नको असतात.

आम्ही संस्थेला कळवले की आमच्यासाठी पत्र लिहून घेऊ नका. व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "तुमचे म्हणणे पटते. पण पत्र गेले नाही तर देणारे गळतात. मग मुलांना खाऊ काय घालू?" त्यांच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पैसा खरोखर पोहोचतो का, हे जाणण्याचा देणाऱ्याला हक्क आहेच. तो हिशोब संस्थेने द्यावा, मुलाने का द्यावा? आता आम्हाला दर सहा महिन्यांनी एक कागद येतो. फी, पुस्तके, जेवण आणि हजेरी एवढेच त्यात असते. पत्राची उणीव घरात जाणवते, हेही खरे. तो अजून विकेटकीपर आहे का, हे आता कळत नाही.

फोटोंचेही तसेच. लहान, गोड चेहऱ्याच्या मुलासाठी देणारे लगेच मिळतात, मिसरूड फुटलेल्या नववीतल्या मुलासाठी मिळत नाहीत. आणि शिक्षण हक्क कायद्याचे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असल्याने खरी गळती तिथूनच सुरू होते. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करते. म्हणून अशी पत्रके आम्ही मोहल्ल्याच्या ग्रुपवर पुढे पाठवत नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट आईची. आपल्याकडे वडील वारलेले मूल यतीम, पण त्याची आई बहुतेक वेळा हयात असते. केवळ पोट भरत नाही म्हणून ती लेकराला वसतिगृहात ठेवते. तेच पैसे तिच्या हाती पडले तर मूल तिच्याजवळ राहील. याच कायद्यात विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेल्या आईच्या मुलांसाठी प्रायोजकत्वाची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून त्यासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. महाराष्ट्र सरकारची बाल संगोपन योजनाही आहे. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावी. गल्लीतल्या एखाद्या बेवा बहिणीचे कागद जमवून तिच्यासोबत त्या कार्यालयात जाणे, हीसुद्धा कफालतच आहे.

तेव्हा या रमजानला पावती फाडण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचाराव्यात. तुमची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? या मुलाची आई आहे का, आणि असेल तर ते तिच्याजवळ का नाही? वर्षाचा लेखापरीक्षित हिशोब दाखवाल का? आणि नववी-दहावीतले कोणी मदतीविना राहिले आहे का? उत्तरे नीट मिळाली तर मोकळ्या मनाने द्यावे आणि मुलाकडून काहीही मागू नये. त्याला आठवण झाली आणि त्याने आपणहून दुआ केली, तर ती अल्लाह ऐकतोच. ती आपल्याला पत्राने कळण्याची गरज नाही.