बोलणी हवीत, पण स्त्रियांना वगळून नकोत

१० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमीर खान मुत्तकी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेतली. तिला महिला पत्रकारांना बोलावणे नव्हते. टीकेची झोड उठली, आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या परिषदेत महिला पुढच्या रांगेत बसल्या.

दोहा येथे २०२४ च्या जूनअखेर संयुक्त राष्ट्रांनी तालिबानशी चर्चा केली, तेव्हा मात्र अफगाण स्त्रियांना मुख्य बैठकीबाहेर ठेवले गेले.

मदत व व्यापार यांसाठी बोलणी हवीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अफगाण मुलींना २०२१ पासून सहावीपुढची शाळा बंद आहे. आवाज उठला की पाहुणाही नमतो, हे दिल्लीत दिसले. मग तोच आवाज या मुलींसाठी सरकारांनी का उठवू नये?