नळीचे दूध आणि आईचा खाडा

सातपुड्यातील आणि मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न दर पावसाळ्यात वृत्तपत्रांत उगवतो, विधिमंडळात तासभर गाजतो आणि पिके कापणीला येईतो विसरला जातो. १९९३ साली मेळघाटातील प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारदप्तरी नोंदल्या जाणाऱ्या बालमृत्यूंहून प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दाखवून दिले. तेव्हापासून सरकार स्वस्थ बसले आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोषण पुनर्वसन केंद्रे निघाली, अंगणवाडीताईंच्या हाती दंडघेर मोजायच्या पट्ट्या आल्या. परंतु या साऱ्या खटाटोपामागचा एक युक्तिवाद मात्र जुनाच राहिला. तो असा की, आदिवासी आई अज्ञानी आहे. आपण उपचार देऊ करतो आणि ती मूल घेऊन निघून जाते. साहेबलोकांच्या तोंडी हे वाक्य नवे नाही. खेद याचा की अलीकडे ते आपल्या अभ्यासशिबिरांतही ऐकू येऊ लागले आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील अशा एका केंद्राची नोंदवही मी पाहिली आहे. मुलाचे वजन, दंडघेर, दाखल केल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात काही नावांपुढे एकच शेरा : ‘पळून गेली’. चोर पळतो, कैदी पळतो. स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन घरी जाणाऱ्या बाईला हे क्रियापद लावण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला?

ती का जाते हे समजून घ्यायचे तर त्या केंद्रात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे. उपासमारीने खंगलेल्या बालकाचे हृदय, मूत्रपिंडे, आतडी ही सारी मंदावलेली असतात. त्याला एकदम पोटभर पाजले तर ते त्या अन्नानेच दगावू शकते. म्हणून पहिले काही दिवस दूध, साखर, तेल आणि चुरमुऱ्यांचे पीठ यांचे पातळ मिश्रण द्यावयाचे असते. शंभर मिलिलिटरमागे त्यात अवघे ७५ उष्मांक असतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १३० मिलिलिटर, तेही दर दोन तासांनी, रात्रंदिवस. चार किलोचे मूल धरले तर बारा वेळांत मिळून अर्धा लिटर, म्हणजे एका वेळी जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर. ठरलेल्या मापाच्या चार पंचमांश इतकेही मूल पिऊ शकत नसेल तर नाकातून पोटात बारीक नळी घालून दूध सोडावे लागते. रात्री दोन वाजता, चार वाजता हे कोण करते? परिचारिका एक आणि खाटा दहा, अशा ठिकाणी वाटी हातात धरून जागी असते ती आईच.

सहा महिन्यांखालील अर्भकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यांच्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. तीच बारीक नळी, पण नाकात नव्हे. तिचे एक टोक आईच्या स्तनाग्राशी चिकटवायचे आणि दुसरे दुधाच्या वाटीत सोडायचे. मूल स्तन चोखते, दूध वाटीतून येते. आणि चोखण्याने आईचे आटलेले दूध हळूहळू परतते. मुलाच्या अंगात बळ येईल तशी वाटी खाली खाली धरीत जायची. ही नळी आईची जागा घेत नाही, तिची जागा तिला परत मिळवून देते. मात्र त्यासाठी आई दिवसेंदिवस मुलापाशी असावी लागते, आणि तिच्या पोटात अन्न असावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. पाच वर्षांखालील मुलांत उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के, आणि त्यांपैकी तीव्र स्वरूपाची १०.९ टक्के. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा शेवटचा आकडा ९.४ होता. ‘प्रगत’ महाराष्ट्रात तो वाढला आहे.

आता आईचा हिशेब मांडू. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात तो आम्ही वर्गात फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवीत आलो. ही बाई तो बोटांवर मोजते. चौदा दिवस केंद्रात राहायचे म्हणजे चौदा दिवसांची मजुरी गेली, घरी दोन मुले शेजारणीवर, आणि पेरणीचे दिवस असतील तर सबंध वर्षाच्या धान्याचा प्रश्न. बुडालेल्या मजुरीपोटी आईला भत्ता द्यावा असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण ज्या बायांशी बोललो त्यांतील एकीच्याही हाती तो अद्याप पडला नव्हता. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल आधीच घेतलेली. खाडा पडला की मजुरी बुडतेच, उचलीचा बोजाही लांबतो. फडाच्या कडेला झोळीत ठेवलेल्या तान्ह्याला दर दोन तासांनी पाजायचे तर कोयता थांबतो. जी बाई हे गणित ओळखून मूल घेऊन निघते ती अज्ञानी नाही. गणित चुकीचे आहे, आणि ते तिने मांडलेले नाही.

शासनाला हे ठाऊक नाही काय? ठाऊक आहे, म्हणूनच तर २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली. पण कोणाला? आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असलेलीला. शेतमजूर बाईसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. सव्वीस आठवड्यांत तो वाटला तर दिवसाला तेहतीस रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता, म्हणजे हा त्याचा बरोबर नववा हिस्सा. आणि तोही पुरता मिळू नये अशी तजवीज झाली. कायदा ‘प्रत्येक’ म्हणतो. २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यापुरती, तीही पाच हजारांची. २०२२ नंतर दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठी सहा हजार. दुसरा मुलगा, तिसरे मूल यांच्या आयांना स्तन नसतात असे मंत्रालयाचे मत असावे!

येथे आपल्यातील काही मित्रांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांचे म्हणणे, नळी आणि केंद्रे ही मलमपट्टी. खरा प्रश्न जमिनीचा, जंगलाचा, मजुरीचा आहे. तत्त्वतः मला हे मान्य आहे. पण ज्या मुलाला आज रात्री दोन वाजता चाळीस मिलिलिटर दूध हवे आहे त्याला जमीन फेरवाटपाची तारीख सांगता येत नाही. केंद्र नको म्हणणारा समाजवादी आणि केंद्रातील खाट भरली की कर्तव्य संपले असे मानणारा अधिकारी, या दोघांच्याही हिशेबातून तेच मूल गळते. दुसऱ्या बाजूला पाकिटबंद खाद्याचे व्यापारी टपलेले आहेतच. बाटली आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने लगाम घातला तो सहजासहजी मिळालेला नव्हता; तो सैल होऊ देता कामा नये.

तेव्हा मागणी नेमकी हवी. केंद्रात राहणाऱ्या आईला किमान वेतनाइतकी मजुरी, आणि ती दर आठवड्याला तिच्या हाती. रात्रपाळीला पुरेशा परिचारिका. अपत्यसंख्येची अट न घालता सर्व कष्टकरी स्त्रियांना सव्वीस आठवडे किमान वेतनाच्या दराने प्रसूतिलाभ. आणि पाळणाघर. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, तिलाही मजुरी द्यावी अशी तरतूद होती. किती कामांवर ती बाई दिसली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आठवून पाहावे. तीच तरतूद ऊसाच्या फडावर कारखान्याच्या खर्चाने लागू झाली पाहिजे.

दिवाळी सरली की टोळ्यांचे ट्रक सातपुड्यातून खाली उतरतील. त्याआधी तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी जवळच्या केंद्रात जाऊन ती नोंदवही मागावी, ‘पळून गेली’ असा शेरा असलेल्या प्रत्येक बाईच्या घरी जावे, किती दिवसांचा भत्ता थकला आहे ते लिहून घ्यावे आणि ती यादी तहसीलदारापुढे ठेवावी.