श्रीवर्धनला लेखक कसा पोहोचणार?

‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडा 15 जानेवारी 2025 ला संपला. सामूहिक वाचन झाले, पुस्तक परीक्षणाच्या स्पर्धा झाल्या, फोटो काढून झाले, अहवाल वर गेले. लेखक आणि वाचकांचा संवाद हाही या उपक्रमाचाच भाग होता. पनवेलला असा संवाद घडवणे अवघड नाही, अलिबागलाही जमते. पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या लहान वाचनालयांनी लेखक आणायचा कुठून आणि कशाच्या जोरावर? ज्यांनी हा उपक्रम आखला त्यांना हा प्रश्न पडलाच नाही, आणि आमचा राग त्यावर आहे.

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून बोलू. मुंबईचा लेखक रो-रो बोटीने तासाभरात मांडव्याला उतरतो. अलिबागपर्यंत त्याला विनवावे लागत नाही. पुढचा रस्ता मुरूडला जातो, तिथून आगरदांड्याला, मग फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी, आणि दिघीहून श्रीवर्धन. दुसरी वाट मुंबई-गोवा महामार्गाची. त्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले, ते अजून पुरे झालेले नाही. तासाभराच्या भाषणासाठी ज्येष्ठ लेखकाने दोन दिवस मोडावेत, कंबर मोडून घ्यावी आणि वाचनालयाने गाडीभाडे, मुक्काम, मानधन सोसावे, अशी ही अपेक्षा आहे. ती पुरी होणार नाही हे गावातल्या ग्रंथपालाला पहिल्या दिवशीच कळलेले असते. मग तो जवळच्या शाळेतल्या शिक्षकाला बोलावतो. शिक्षक चांगले बोलतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ज्या मुलाने कधी जिवंत लेखक पाहिलेला नाही, तो यंदाही न पाहताच राहतो.

आता पैशांचे बोलू, कारण या विषयाचे मूळ तिथेच आहे. राज्यातल्या अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांपैकी सगळ्यात खालची पायरी ‘ड’ वर्गाची. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली आणि या वर्गाचे वर्षाचे अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेले. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे वर्षाला 24 हजार, महिन्याला दोन हजार रुपये. दिवसाचे सदुसष्ट रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्याला याच राज्यात 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये मिळत होते, आणि तेही पुरत नव्हते. जो माणूस देवघेव सांभाळतो, नोंदवह्या लिहितो, झाडू मारतो, वर्गणी गोळा करतो आणि तपासणीला सामोरा जातो, त्याला सदुसष्ट रुपये देऊन आपण वाचनसंस्कृती वाढवायला सांगतो. उरलेल्या 24 हजारांत पुस्तके, नियतकालिके, भाडे, वीजबिल. यातून लेखकाचे मानधन कसे काढायचे ते मंत्रालयातल्या कोणी तरी एकदा कागदावर मांडून दाखवावे.

लेखक गावात येऊ शकत नसेल तर त्याचे बोलणे तरी गावात पोहोचले पाहिजे. हे आज शक्य आहे, आणि ते करायची जबाबदारी सरकारची आहे. करोनाकाळात वाचनालयांना टाळे होते, ते उघडायला 15 ऑक्टोबर 2020 उजाडले. त्या काळात व्याख्यानमाला पडद्यावर आल्या, कवी घरातून बोलले, आणि जे कार्यक्रम एरवी पुण्या-मुंबईच्या सभागृहात दोनशे लोक ऐकत, ते मराठी माणसाने जगभर ऐकले. साथ ओसरली, सभागृहे उघडली आणि ती वाटही बंद झाली. शहराची सोय झाली की गावाची गरज संपली, असे आपण गृहीत धरले. ही चूक सुधारायला कोणाचाही विरोध नाही. तरीही ती सुधारली गेली नाही.

ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडची व्याख्याने देशभरच्या सार्वजनिक वाचनालयांत थेट दाखवायची व्यवस्था कित्येक वर्षांपूर्वीच उभी केली. लंडनमध्ये लेखक बोलतो आणि दूरच्या गावातले वाचक आपल्या वाचनालयात एकत्र बसून ऐकतात. आपल्याकडे मुंबईत ग्रंथालय संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी आहे, 1967 पासून कायदा आहे. संचालनालयाने महिन्यातून एक लेखक बोलवावा, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे बोलणे राज्यातल्या प्रत्येक वाचनालयात एकाच वेळी दाखवावे. एका मानधनात हजारो गावे. प्रश्न गावातून विचारले जावेत, नावानिशी, आवाजात. कोळीवाड्यातल्या आठवीच्या मुलीने कादंबरीकाराला विचारावे की हा माणूस शेवटी का मेला, आणि त्याने तिला उत्तर द्यावे. असा एक प्रश्न विचारायला मिळाला की पुस्तकाकडे पाहण्याची तिची नजर बदलते.

रायगडच्या किनाऱ्याला तर ही सोय दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त हवी. अलिबागेत इस्रायल आळी आहे, रेवदंड्यात सिनेगॉग आहे. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू आज बहुतांशी इस्रायलमध्ये राहतात आणि तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढत आले आहेत. त्यांच्यातला एखादा जाणता माणूस पडद्यावर येऊन रेवदंड्याच्या वाचनालयाशी मराठीत बोलू शकतो, जुन्या छायाचित्रांचे सादरीकरण करू शकतो, आणि रेवदंड्यातले म्हातारे त्याला आपल्या आठवणी सांगू शकतात. चौलच्या प्राचीन बंदराचा अभ्यासक, जंजिऱ्याचा इतिहास लिहिणारा संशोधक, आगरी बोलीत लिहिणारा कवी, या सगळ्यांना ऐकण्याचा पहिला हक्क इथल्या माणसांचा आहे. आज त्यांची व्याख्याने इथून शंभर मैलांवर होतात आणि इथल्या माणसाला ती वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून कळतात.

मुले आधीच मोबाइलमध्ये बुडालेली, त्यात आणखी एक पडदा कशाला, असे म्हणणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगायचे की वाचनालयाच्या भिंतीवर चाळीस जणांनी मिळून ऐकणे आणि पांघरुणात एकट्याने मोबाइल पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्यान संपल्यावर त्या लेखकाची पुस्तके तिथेच टेबलावर मांडलेली असली पाहिजेत, लगेच घरी न्यायला. ते होणार नसेल तर पडदा लावूच नये.

आणि हे करायचे तर धड करावे. प्रोजेक्टर, बरा स्पीकर, माइक, भरवशाची इंटरनेट जोडणी आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर हा शब्द मुंबईत बसून यादी करणारा विसरतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पत्रे उडाले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. वादळ नसले तरी पावसाळ्यात संध्याकाळी लाइट जातेच. वक्ता बोलता बोलता पडदा काळा झाला, तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. यंत्रे देऊन ग्रंथपालाला ती चालवायला शिकवले नाही, तर वर्षभरात त्यांच्यावर धूळ बसेल, आणि मग ‘गावात प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होईल. हे शेरे आम्ही पुष्कळ वाचले आहेत.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. केरळ आणि कर्नाटक ग्रंथालयांसाठी उपकर घेतात. महाराष्ट्राच्या कायद्यात तशी तरतूदच केली गेली नाही, आणि अर्धशतक उलटून गेले तरी ती घालावी असे एकाही सरकारला वाटले नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. आम्हालाही आनंद झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत साहित्य संमेलन भरले. त्या संमेलनाला सरकारने दोन कोटी रुपये दिले. त्या रकमेत ‘ड’ वर्गाच्या चारशेहून अधिक वाचनालयांचे वर्षाचे अनुदान बसत होते. संमेलनाचे पैसे कापा असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या भाषेच्या तीन दिवसांच्या उत्सवासाठी एवढे पैसे निघतात, तिच्या वर्षभराच्या घरासाठीही ते निघाले पाहिजेत. निदान दिल्लीच्या मांडवातले परिसंवाद तरी श्रीवर्धनला दिसायला हवे होते. ते दाखवायला नवा कायदा लागत नव्हता.

ग्रंथालयांच्या 2012 च्या सरकारी पडताळणीत बोगस ग्रंथालये सापडली, हे खरे. ज्यांनी कागदावर वाचनालये चालवली त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्यांच्या पापाची शिक्षा, वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी दार उघडून बसणाऱ्या माणसाने भोगली. नव्या मान्यता थांबल्या, दर्जावाढ थांबली आणि तुटपुंज्या अनुदानात दहा वर्षे गेली.

संचालनालयाला आमची मागणी साधी आहे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. त्या दिवसापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरची दहा वाचनालये निवडावीत, त्यांना यंत्रे आणि जोडणी द्यावी, ग्रंथपालाला त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत आणि एका लेखकाला त्या दहा गावांशी बोलायला बसवावे. वाचकांनीही त्या संध्याकाळी आपापल्या वाचनालयात जाऊन विचारावे की आज कोण बोलणार आहे. कोणी बोलणार नसेल, तर तक्रार ग्रंथपालाकडे नको, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.