गोवत्स द्वादशी आणि गोठ्यातील व्याधी

आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, सवत्स धेनूचे पूजन होते आणि दीपावलीचा पहिला दिवा लागतो. आमच्या क्षेत्रीही हा कुळाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी बहुतेक वाड्यांच्या मागील दारी गोठा असे. ज्याची त्याची गाय ज्याच्या त्याच्या अंगणी पुजली जाई. आता वाडे गेले, गोठे गेले. श्रद्धा मात्र उरली. म्हणून एखादा गोपालक आपली गाय आणि वासरू घेऊन आळीतून फिरतो, आणि पन्नास घरच्या सुवासिनी त्या एकाच गाईस ओवाळतात. हे दृश्य पाहून मन भरून येते. परंतु वाचकहो, त्या पन्नास घरांचा नैवेद्य एकाच पोटात जातो, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ती आमच्याही ध्यानात आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत अशीच एक दुभती गाय पूजेस आली. आम्ही स्वतः तिच्या मुखी पुरणपोळी दिली, वर गुळाचा खडा दिला आणि कृतार्थ झालो. दुसऱ्या दिवशी तिने वैरण सोडली, रवंथ करणे थांबवले. पोट तटतटले, शेण पातळ पडू लागले. तिसऱ्या दिवशी ती जी बसली ती उठलीच नाही. पशुवैद्य आले तोवर वेळ टळून गेली होती. “बुवा, हिला पोळ्या किती घातल्या?” एवढेच त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण कोणीच मोजल्या नव्हत्या. वासरू मात्र दावणीशी हंबरत होते. त्या प्रसंगानंतर आम्ही ह्या विषयाची विचारपूस आरंभिली. जे कळले ते आज ह्या पर्वकाळी वाचकांपुढे ठेवणे आम्ही आपले प्रायश्चित्त समजतो.

‘रवंथ’ हा शब्द संस्कृत ‘रोमंथ’ ह्यापासून आलेला आहे. पाणिनीने तर ‘रोमंथायते’ हे क्रियापद साधण्यासाठी सूत्र रचले. इतके त्या क्रियेकडे आपल्या पूर्वजांचे लक्ष होते. गाईच्या पोटाचे चार कप्पे असून त्यांतील पहिला आणि सर्वांत मोठा तो कोठीपोट. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवून पचवितात. रवंथ करताना सुटणारी लाळ, जी मोठ्या गाईच्या ठायी दिवसाकाठी शंभर लिटरांपर्यंत भरते, ती ह्या कोठीतील आंबटपणा आवरून धरते. गवत आणि कडबा ह्यांच्यासाठी घडलेली ही व्यवस्था आहे. तीत एकाएकी पोळ्या, भात, गूळ आणि पीठ ह्यांचा भार पडला की आम्ल तयार करणारे जंतू माजतात, चारा पचविणारे मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते आणि ते आम्ल रक्तात उतरते. ह्यास आम्लधर्मी अपचन म्हणतात. शिळ्या पोळ्या आणि उरलेला भात गाईपुढे रोज ओतणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. गाईचे पोट हे आपल्या पंगतीतील उष्टे जिरविण्याचे स्थान नव्हे.

पोटाच्या व्याधींइतकाच व्यालेल्या गाईचा काळ नाजूक असतो. तिला होणाऱ्या एका व्याधीचे नाव ‘दुग्धज्वर’ असे आहे; परंतु नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट कान आणि पाय गार पडतात. गाय मान पोटाकडे वळवून बसते आणि तिला उठवत नाही. मोठ्या गाईच्या रक्तात एका वेळी तीन ग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम खेळत असते. दहा लिटर चिकावाटे वीस ग्रॅमहून अधिक बाहेर पडते. ही तूट हाडांतून आणि चाऱ्यातून त्वरित भरून आली नाही, तर व्याल्यावर दोन-तीन दिवसांतच गाय कोसळते. पशुवैद्याने शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले असता तीच गाय पाहता पाहता उठून उभी राहते. मात्र ते काम जाणत्या हाताचेच. घाई केल्यास हृदयावर आघात होतो. गाभणपणाच्या अखेरच्या तीन आठवड्यांत आपल्या मनाने कॅल्शियमच्या बाटल्या पाजणेही हिताचे नाही. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि ऐन वेळी ते हात आखडते.

दुसरी व्याधी किटोसिसची. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात दूध वेगाने वाढते, भूक मात्र तितकी वाढत नाही. मग गाय आपल्याच अंगची चरबी वितळवून दूध देत राहते. खुराक नकोसा होतो, श्वासास गोडसर वास येतो, दूध घटते आणि गाय झपाट्याने रोडावते. अति लठ्ठ होऊन व्यालेल्या गाईस हा धोका अधिक. दूध वाढल्याचा आनंद मानणाऱ्याने ते दूध कशातून येत आहे, हेही पाहिले पाहिजे.

आता साथीच्या रोगांकडे वळू. आमच्या आजोबांच्या पिढीस ‘बुळकांडी’ ह्या शब्दाची धडकी भरे; त्या साथीत गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. अशा रोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे गेली, आणि आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर लसीकरणाचा कार्यक्रम राबविला गेला. अखेर २०११ साली बुळकांडी अवघ्या जगातून नाहीशी झाल्याचे घोषित झाले. माणसांतील देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसरा रोग होय. हे नवसाने घडले नाही. गावोगाव फिरून सुई टोचणाऱ्या हातांनी घडले. त्या हातांच्या ठायी आम्हांस तरी ईश्वरच दिसतो.

हा धडा आपण विसरलो होतो, तो लम्पी चर्मरोगाने पुन्हा शिकविला. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबिया देशात, प्रथम नोंदला गेलेला हा रोग भारतात २०१९ साली ओडिशात दिसला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात त्याची साथ सुरू झाली. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज, डोळ्यानाकांतून स्राव, अशी त्याची लक्षणे. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड हे त्याचे वाहक. त्या एका वर्षात देशातील दीड लाखांहून अधिक गुरे दगावली. राज्यात गुरांचे बाजार, शर्यती आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली. शेळ्यांच्या देवीची लस ह्या रोगावरही उपयोगी पडत असल्याने तीच गुरांना टोचण्यात आली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. २०२३ च्या पावसाळ्यात रोगाने पुन्हा डोके वर काढले. लस टोचल्यापासून पुरते संरक्षण येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

त्या दिवसांत आमच्याकडेही श्रोते येत. कोणी म्हणे, हा देवीचा कोप; शांत करावी. कोणी म्हणे, आजारी गाईस वेगळे बांधणे म्हणजे मातेस वाळीत टाकणे. आम्ही त्यांस एवढेच सांगितले, की घरात कोणास कांजिण्या आल्या असता आपण त्यास निराळ्या खोलीत निजवितो. ते वाळीत टाकणे नव्हे, ती शुश्रूषा होय. गाईस वेगळे बांधावे, तिची पाण्याची बादली वेगळी ठेवावी, गोठा धुवावा, गोचीड काढावेत आणि तिच्या जखमा रोज पुसाव्यात. सेवा अशीच असते. हा रोग माणसास होत नाही, हेही तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

मात्र गाईकडून माणसाकडे येणारा दुसरा एक रोग आहे, आणि त्याचा संबंध थेट आपल्या देवघराशी पोहोचतो. तो म्हणजे ब्रुसेलोसिस, अर्थात सांसर्गिक गर्भपात. ह्या रोगाने गाभण गाय बहुधा अखेरच्या महिन्यांत गाभडते. तिची वार उघड्या हातांनी काढणाऱ्यास, अथवा तिचे न तापविलेले दूध पिणाऱ्यास, वरचेवर उलटणारा ताप आणि सांधेदुखी जडते. पंचामृतासाठी कच्चेच दूध हवे, असा अनेक घरी आग्रह असतो. आमचे नम्र मत असे, की उकळून निवविलेल्या दुधाने अभिषेकाचे पुण्य तिळभरही उणे होत नाही. आणि ते तीर्थ बालकाच्या ओठी निःशंकपणे देता येते. ह्या रोगाची लस कालवडीस चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचावयाची असते. लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. हे दोन्ही रोग हटविण्यासाठी २०१९ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला गेला, आणि २०३० पर्यंत त्यांचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. गोठ्याचे दार लसकाऱ्यास उघडे नसेल, तर उद्दिष्ट कागदावरच राहील.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. वासरे, वृद्ध आणि रोगी गुरे ह्यांच्यावर उपचार करणे हे गोपालकांचे कर्तव्य तेथे सांगितले आहे. आणि ज्या ऋतूंत एकदाच दूध काढावयाचे त्या ऋतूंत दोनदा काढणाऱ्यास कठोर दंडही आहे. गाईस किती पुजावे हे तेथे नाही. तिला कसे राखावे हे आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. पदवी देणे हा शासनाचा अधिकार. त्या पदवीस साजेल अशी निगा राखणे हे मात्र तुमचे-आमचे काम.

आणि आपल्या व्रतात तरी दुसरे काय सांगितले आहे? वसुबारसेस व्रतस्थ स्त्री दूधदुभते आणि गहू वर्ज्य करते. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते. हे व्रत देण्याचे जितके, तितकेच सोडण्याचे आहे. आज दूध वासराचे, असा त्याचा सरळ अर्थ. शास्त्रज्ञही तेच सांगतात. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारी शक्ती जवळजवळ नसते; ती त्यास केवळ आईच्या चिकातून मिळते, आणि तोही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच अंगी लागतो. पहिला चीक वासराच्या तोंडी न जाता खरवसाच्या पातेल्यात गेला, तर त्या वासराच्या पाठीवरून कितीही हात फिरविला तरी ते सवत्स धेनूचे पूजन कसे म्हणावे?

तेव्हा ह्या वर्षी आपापल्या आळीत एवढे ठरवावे. नैवेद्य एका घरचा, तोही एक घास. बाकीच्यांनी हिरव्या चाऱ्याची पेंढी आणावी, किंवा पोळ्यांचे पैसे गोपालकाच्या हाती वैरणीसाठी द्यावेत. ओवाळून झाल्यावर त्यास आस्थेने विचारावे, की लस टोचली का, आणि वासरास चीक पोटभर मिळाला का. गाय आजारी दिसली तर अंगारा लावून थांबू नये. १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून पशुवैद्यास बोलवावे. आमच्या आळीत आता हाच परिपाठ आहे. ताटात पोळी एकच असते, आणि ती आम्ही मोजून ठेवतो.