ठिपके परके कसे?

चित्रकलेविषयी आमच्या धाराशिवकडे एक मत असे काही पक्के बसले आहे की, ते हलवण्यापेक्षा बालाघाटाचा डोंगर हलवणे सोपे. चित्र हुबेहूब असावे. नसेल तर ते परदेशी खूळ समजावे. आणि चित्रकाराने वरचेवर आपली पद्धत बदलली तर त्याला स्वतःचे असे काही नाही, असे खुशाल म्हणावे! या तिन्ही कलमांखाली चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यावर खटला भरलेला मी चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडून ऐकला आहे. चिवड्याला फोडणी हवी तशी दिवाळीच्या गप्पांना वाद हवा. तेव्हा आरोपीचे वकीलपत्र आज मी घेतो.

आरोपी तसा आपल्याच घरचा. जन्म १९१० चा, इंदूरच्या मराठी कुटुंबातला. गुरू दत्तात्रय देवळालीकर. या गुरूच्या हाताखालून बेंद्रे गेले, विष्णू चिंचाळकर गेले, आणि मकबूल फिदा हुसेनही गेले. खोलीत बसून पुतळ्याच्या नाकाची लांबी मोजण्यापेक्षा उघड्यावर जाऊन ऊन रंगवावे, ही इंदूरकरांची रीत. पुढे बेंद्रे काश्मीरात राहिले, १९४७-४८ मध्ये अमेरिका पाहून आले, १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९५५ साली त्यांच्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६६ साली बडोदे सोडून ते मुंबईस आले आणि उत्तरायुष्यात त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रे रंगवली. पद्मभूषण मिळाले त्याच वर्षी, १९९२ मध्ये, ते वारले.

आता पहिले कलम, हुबेहूबपणाचे. ही ठिपक्यांची पद्धत फ्रान्सच्या जॉर्ज सरा याने रुळवली. अवघ्या एकतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या तरुणाने नदीकाठच्या रविवारचे एक भलेमोठे चित्र १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षे खपून पुरे केले. त्याच्यामागे शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा अभ्यास होता. हा शेव्रल गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाईचा प्रमुख. काळा रंग फिका दिसतो अशी विणकरांची तक्रार आली, तेव्हा त्याने शोध घेतला. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता! एक रंग दुसऱ्याच्या शेजारी बसला की दोघांचेही रूप पालटते. हे आमच्या आयाबहिणींना सांगायला शेव्रल कशाला हवा? लुगड्याला कोणता काठ उठून दिसेल हे त्या दुकानात उभ्या-उभ्या सांगतात. सराने एवढेच केले की, रंग ताटलीत कालवून मळवण्याऐवजी सुटे-सुटे शेजारी मांडले आणि ते मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवले. म्हणजे ज्याला आपण हुबेहूब म्हणतो, त्या पाहण्याचीच ही चिकित्सा झाली. वैशाखात नळदुर्गाच्या तटावर ऊन कसे थरथरते ते ज्याने पाहिले आहे, त्याने एकसारखा पिवळा पट्टा खरा आणि ठिपके खोटे, असे म्हणून दाखवावे!

दुसरे कलम परकेपणाचे. हा आरोप निदान धाराशिवच्या माणसाने तरी करू नये. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात या पेठेचे नाव आहे. इथला माल समुद्रापार रोमपर्यंत जात होता. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नाते सांगणारी दुसरी एक भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई येथे, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या कारागिरांची कला रोमन माणसाच्या घरात चालली, ती त्याने परकी म्हणून फेकली नाही. आणि आम्ही मात्र पॅरिसचा एक ठिपका उंबऱ्याबाहेर अडवणार! त्यातून बेंद्रे यांनी घेतला तो ठिपका. फ्रेंच नदीकाठ घेतला नाही. त्या ठिपक्यांतून उभ्या राहिल्या त्या आपल्या खेड्यांतल्या बाया आणि आपली झाडे.

तिसरे कलम सर्वांत लोकप्रिय: बेंद्रे यांना स्वतःची शैली नव्हती, आज घनवाद, उद्या ठिपके. मी उलट विचारतो, एकाच रागावर जन्म काढणाऱ्या गवयाला आपण मोठा म्हणतो काय? शैली ही कपाळावर गोंदवून घ्यायची खूण नव्हे. समोरच्या विषयाला जी भाषा हवी ती शोधणे, हाच या माणसाचा स्वभाव. तो त्यांच्या शिकवण्यातही उतरला. बडोद्यात त्यांच्या हाताखाली तयार झालेले गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, शांती दवे यांची चित्रे शेजारी-शेजारी लावून पाहा. एकाचे दुसऱ्यासारखे नाही. शिष्यांना आपले छाप न करणारा गुरू ज्याला शैलीहीन वाटतो, त्याला गुरू नको असून ठसा हवा आहे.

हा खटला नुसता फराळापुरता असता तर मी एवढा त्रागा केला नसता. पण त्याची शिक्षा भोगतात आपली मुले. डोंगर जांभळा काढला म्हणून कान धरला जातो. घडा दोन्ही बाजूंनी सारखा आला की शाबासकी मिळते. आणि चित्रकलेच्या परीक्षा द्यायच्या त्या दहावीच्या जादा गुणांसाठी. बालाघाट संध्याकाळी खरोखरच जांभळा दिसतो, हे मुलाने पाहिलेले असते. मोठ्यांनी पाहिलेले नसते. ज्याने पाहिले तो चुकला आणि ज्याने पाहिले नाही तो परीक्षक!

यावर माझी मागणी साधी आहे. दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांतली अस्सल चित्रे अधूनमधून जिल्ह्याच्या गावीही आली पाहिजेत. छापील चित्रात ठिपका कळत नाही. त्यासाठी समोर उभे राहून चार पावले मागे-पुढे व्हावे लागते. तुळजापूरला लाखो माणसे येतात-जातात ती व्यवस्था आपल्याला जमते. मग दहा चित्रांची का जमू नये?

तोवर, आयाबहिणींनो, आपण अंगणात ठिपके मांडतोच आहोत. यंदा घरातल्या पोराला रंग भरू द्या, आणि त्याने मोर तांबडा केला तर लगेच पुसू नका.