किल्ली कुणाच्या हातात?

एक साधा प्रश्न. तुमच्या घरी कार असेल, तर बाबांनंतर ती कोण चालवतं? दादा? काका? शेजारचा कुणी ‘येतो रे लगेच’ म्हणणारा? आणि आई, ताई, तुम्ही स्वतः? ‘लायसन्स आहे, पण हात बसलेला नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या किती मुलींच्या तोंडी असतं ते आठवून बघा. माझ्याही तोंडी होतंच. एमएच-४६ च्या आरटीओतून लायसन्स मिळून वर्ष झालं तरी घरची गाडी मी सोसायटीच्या गेटपर्यंतच नेली होती. पुढे कळंबोली सर्कल, ट्रेलर, कंटेनर. ‘तिकडे नको, तुला जमणार नाही.’ माझ्या भावाला मात्र त्याच सर्कलवर शिकवलं. त्यानं पहिल्या महिन्यात बंपर घासला, तर ‘शिकताना होतंच’ म्हणून विषय संपला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पुण्याची डायना पंडोले. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर तिनं एमआरएफ राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद जिंकलं. राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या गटात ‘महिला विभाग’ वगैरे काही नव्हतं. तोच ट्रॅक, तोच हिरवा दिवा, आणि शेजारच्या गाड्यांमध्ये पुरुष. डायना दोन मुलांची आई आहे, आधी शिक्षिका होती. गंमत बघा, बातम्यांचे मथळे याच दोन गोष्टींवर अडकले. ‘दोन मुलांचा बाप जिंकला’ असा मथळा तुम्ही कधी वाचलाय?

तिच्या आधी मुली नव्हत्या असं अजिबात नाही. मुंबईची स्नेहा शर्मा पेशानं वैमानिक, आणि फॉर्म्युला ४ च्या गाड्याही चालवते. वडोदऱ्याची मीरा एर्डा, चेन्नईची अलिशा अब्दुल्ला ही नावंही रेसिंग बघणाऱ्यांना माहीत आहेत. तरीही राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत पोचायला २०२४ उजाडावं लागलं. का?

‘मुलींची ताकद कमी पडते’ हे उत्तर कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच मिळतं. रेसिंग अंगमेहनतीचं आहे, यात वाद नाही. बंद कॉकपिटमध्ये तापमान पन्नास अंशांच्या आसपास जातं, अंगात आगरोधक सूट असतो, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रत्येक वळणावर मान एका बाजूला खेचली जाते. पण त्यासाठी मुलगेही तयार होऊन जन्माला येत नाहीत. मान, खांदे, दम यांचा व्यायाम प्रत्येक ड्रायव्हरला करावाच लागतो. आणि तोल सांभाळणं, ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे कळणं, समोरच्याची चूक आधी ओळखणं ही कामं दंडाची नाहीत, सरावाची आहेत.

सराव म्हणजे काय, हे बघायला थोडं लांब, उत्तर युरोपात जाऊ. स्वीडनमध्ये एवी रोस्क्विस्ट नावाची एक बाई होती. ती पशुवैद्यकांची सहायक म्हणून काम करायची. रोज एका शेतावरून दुसऱ्या शेतावर, कच्च्या रस्त्यांनी, गाडी घेऊन. १९६२ मध्ये ती आणि तिची सहचालक उर्सुला विर्थ मर्सिडीज २२० एसई घेऊन अर्जेंटिनाच्या टूरिंग कार ग्रां प्रीला गेल्या. साडेचार हजारांहून जास्त किलोमीटरची ती शर्यत. दोघींनी सहाच्या सहा टप्पे जिंकले! चमत्कार वगैरे काही नाही. तिच्या हातात रोज किल्ली होती, एवढंच.

त्याच स्वीडनची मिकाएला ऑलिन-कोट्टुलिन्स्की. २०१८ मध्ये स्कँडिनेव्हियन टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये शर्यत जिंकणारी ती पहिली महिला ठरली. तिचे आजोबा फ्रेडी यांनी १९८० ची पॅरिस-डकार रॅली जिंकली होती आणि आई सुझान स्वतः रॅली ड्रायव्हर. म्हणजे त्या घरात ‘तू मागे बस’ असं तिला कुणी म्हटलं नसणार. डेन्मार्कची मिशेल गॅटिंग २०२३ मध्ये बहारीनच्या आठ तासांच्या शर्यतीत सारा बोव्ही आणि राहेल फ्रे यांच्यासोबत आपल्या गटात जिंकली. जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत फक्त महिलांच्या टीमचा तो पहिला विजय होता. आणि आपली डायना? रेसिंगची ओढ वडिलांमुळे लागली, हे तिनंही सांगितलंय.

म्हणजे बघा, देश वेगळा, काळ वेगळा, पण धागा एकच. कुणीतरी लवकर आणि विश्वासानं किल्ली हातात दिली.

आता आपल्या राज्याकडे या. चाकणला मर्सिडीज जुळते, फोक्सवॅगन बनते. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यात आहे. देशातला पहिला द्रुतगती मार्ग आपल्या पनवेलच्या उशाशी आहे. पण शर्यतीचं पूर्ण आकाराचं सर्किट? ते चेन्नईजवळ, कोइम्बतूरला किंवा ग्रेटर नोएडाला. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात, हा मोठा आधार. पण त्यापुढे जायचं तर प्रत्येक सरावासाठी हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, टायर, इंधन, मेकॅनिक, हॉटेल. हा खर्च मुलासाठी करतानाही घर दहादा विचार करतं. मुलीसाठी तो विचार सुरूच होत नाही, कारण तिचा हात ‘बसलेला’च नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी हा लेख दाखवून घरून गाडी मागेल. एक्स्प्रेसवेवर रील काढत १४० गाठणं म्हणजे रेसिंग नाही. रात्री पाम बीच रोडवर बाइक ताणणंही नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे आणि त्यात मरणारा बहुतेक वेळा आपल्याच वयाचा असतो. रेसिंगला ट्रॅक लागतो, लायसन्स लागतं, मार्शल आणि ॲम्ब्युलन्स लागते.

मग आपण काय करायचं? टाळ्या वाजवून स्टेटस टाकायचं? ते केलंच आहे. आपल्या हातातली एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी अनेकांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटची टीम आहे. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये बसून गाडी बनवता. त्या टीममध्ये मुली असतात, पण बहुतेक कुठे? स्पॉन्सरशिप, रिपोर्ट, प्रेझेंटेशन. कारण ‘त्या बोलतात छान’. ड्रायव्हर कोण, हे मात्र गाडीचा सांगाडा वेल्ड व्हायच्या आधीच ठरलेलं असतं.

यंदा ते ठरवू नका. ज्याला, जिला चालवायचंय त्या सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येकाला सरावाचे सारखे तास द्या. सारखे म्हणजे खरंच सारखे, मुलांनी हौस भागवून उरलेली दहा मिनिटं नव्हेत. मग स्टॉपवॉच लावा आणि ज्याचा वेळ कमी त्याला सीट द्या. मुलगा जलद निघाला तर मुलगा बसेल, काहीच हरकत नाही. कुणाला उपकाराची सीट नकोय. घड्याळापर्यंत पोचू द्या, एवढंच मागणं आहे.

आणि मुलींनो, आपलीही एक चूक आहेच. ‘नको’ म्हटल्यावर आपण सुटल्यासारखं वाटून मागच्या सीटवर बसतो. मी बसायचे. मागच्या महिन्यात बाबांना म्हटलं, तुम्ही शेजारी बसा, पण आज कळंबोली सर्कल मीच पार करणार. गाडी दोनदा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून कान किटवले, आणि ‘बाई आहे वाटतं’ हेही ऐकू आलं. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त हात हँडब्रेकजवळ ठेवून बसले. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि आम्ही पार झालो.

ही काही शर्यत नव्हती. पण पुढच्या रविवारी बाबांनी न विचारता किल्ली माझ्यासमोर ठेवली. तुमच्या घरची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली असते, ते आज संध्याकाळी बघून ठेवा.