अपघातात गेला म्हणून काय झालं?

खापरहून एका ताईंचं पत्र आलंय. धाकटा दीर सैन्यातून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेला गेला आणि तिकडे गाडी उलटून वारला. वय अवघं चोवीस. "लढाईत थोडाच गेला?" असं कुणीसं बोललं, तेव्हापासून सासूबाई त्याचं नावच काढत नाहीत.

ताई, सासूबाईंना जवळ बसवून एवढं सांगा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड १९६१ साली शांततेच्याच कामावर असताना विमान कोसळून गेले. त्यांच्या नावाचं पदक १९९७ साली सुरू झालं. शांतिसेनेत सेवा करताना जो जातो, त्याच्या घरच्यांना ते देतात. गोळीनं गेला, तापानं गेला की अपघातात, असा भेद तिथं नाही. अंडाकृती स्फटिकावर त्याचं नाव अन् मृत्यूची तारीख कोरलेली असते.

दोन्ही महायुद्धांत परदेशी वारलेल्या आपल्या शिपायांच्या स्मारकांवरही आजारानं, अपघातानं गेलेल्यांची नावं इतरांच्या बरोबरीनं आहेत. मग घरानंच भेद का करावा?

त्याची ट्रंक उघडा. सरकारी कागद वेगळ्या पिशवीत ठेवा, ते पुढे लागतात. पत्रांना ऊन दाखवू नका, शाई उडते. कपड्यांत कडुलिंबाचा वाळला पाला घाला. २९ मे हा शांतिसैनिकांचा दिवस. त्या दिवशी त्याच्या आवडीचं काही रांधा आणि मुलांना त्यांचा काका कसा होता ते सासूबाईंनाच सांगू द्या. डोळे भरून आले तर येऊ द्यात. नाव मात्र घरात घेतलं जाऊ द्या.